वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : व्हिटॅमिन डीचा कोणता आकडा खरा मानायचा?

मागच्या अंकात सांधेदुखीवर लेख आला आणि त्यानंतर जे मेसेज आले त्यातले बरेचसे व्हिटॅमिन डीच्या टेस्टबद्दलच होते, गोळ्या कोणत्या घ्याव्यात याबद्दल नाही तर रिपोर्टवर विश्वास ठेवावा का याबद्दल. माझं सगळं काम बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्येच झालं त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून यावेळी पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

सुदामा नगरच्या एका ताईंचं पत्र : सासूबाई ६८ वर्षांच्या, पाय फार दुखतात. एका लॅबमध्ये व्हिटॅमिन डी १७.४ आलं. डॉक्टर सॅशे सुरू करा म्हणाले, पण यांना वाटलं एकदा दुसरीकडे बघू, म्हणून बारा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर २६.१! मधे एकही सॅशे घेतलं नाही. मिस्टर म्हणतात सगळ्या लॅब लुबाडतात. खरं कोणतं धरायचं?

ताई, लुबाडण्याचा विचार आधी बाजूला ठेवू, कारण हे अगदी प्रामाणिक लॅबमध्ये पण होऊ शकतं आणि ते का होतं हे कळलं की तुम्हाला कोणाला काय विचारायचं तेही कळेल.

पहिलं म्हणजे दोन्ही रिपोर्टवर युनिट एकच आहे ना ते बघा. आपल्याकडे बहुतेक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, पण कोणाचा मुलगा कॅनडा-इंग्लंडहून रिपोर्ट पाठवतो तेव्हा तो नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असतो आणि तिथले ५० म्हणजे आपले २०, अडीचने भागायचं. तुमचे दोन्ही आकडे नॅनोग्रॅममधलेच दिसतायत, म्हणजे हा घोळ नाही.

आता मोजतात काय ते सांगते. रक्तात जे मोजलं जातं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे आपण गोळीतून किंवा उन्हातून मिळवलेलं डी लिव्हरमध्ये जाऊन जे बनतं ते. २० नॅनोग्रॅम म्हणजे किती कमी बघा, तुमच्या सासूबाईंच्या अंगातल्या साधारण तीन लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, मिळून साठ मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणाएवढंच. आणि तेही मोकळं फिरत नाही, एका प्रोटीनला घट्ट चिकटलेलं असतं, आधी त्या प्रोटीनपासून सोडवायचं आणि मग मोजायचं. वर ते दोन प्रकारचं, डी-२ आणि डी-३. बहुतेक लॅबमध्ये अँटिबॉडीवर चालणारी मशीन असतात, रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात सीएलआयए किंवा ईसीएलआयए लिहिलेलं असतं ते हेच. प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, प्रोटीनपासून सोडवायचं केमिकल वेगळं, कोणाची अँटिबॉडी डी-२ पूर्ण पकडते, कोणाची कमी पकडते. दुसरी पद्धत एलसी-एमएस-एमएस, त्यात रेणू आधी वेगळे करून वजनावरून ओळखतात, ती जास्त नेमकी आहे पण मशीन महाग आणि हाताळणारा माणूस तयार हवा, त्यामुळे ती मोठ्या लॅबमध्येच सापडते.

पण मुद्दा याच्याही पुढचा आहे. मशीनला नॅनोग्रॅम कळत नाही. त्याला फक्त उजेड दिसतो, कमी किंवा जास्त, आणि एवढ्या उजेडाचा अर्थ २० आणि तेवढ्याचा ४० हे त्याला शिकवतो तो कॅलिब्रेटर, म्हणजे आधीच माहीत असलेल्या आकड्याचं सॅम्पल. मग त्या कॅलिब्रेटरचा आकडा कोणी ठरवला? त्याच्या वरच्या स्टँडर्डने. आणि त्याचा? सराफ्यात सोनं तोलायच्या वजनावर वजनमाप विभागाचा शिक्का असतो, ते वजन विभागाच्या वजनाशी ताडलेलं, ते अजून वरच्याशी, असं करत दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत जातं, अगदी तशीच शिडी इथेही हवी. दोन लॅबची शिडी वर जाऊन एकाच ठिकाणी टेकत असेल तर आकडे जवळजवळ येतात, नाही तर दोन शहाणी माणसं दोन वेगळ्या पट्ट्यांनी एकच कापड मोजत बसतात.

ही शिडी व्हिटॅमिन डीसाठी फार उशिरा तयार झाली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने रक्तातल्या व्हिटॅमिन डीचं पहिलं प्रमाणित सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, २००९मध्ये काढलं, तोपर्यंत जगभर लाखो टेस्ट होऊन गेल्या होत्या, औषधं दिली गेली होती, टक्केवाऱ्या छापल्या गेल्या होत्या. अमेरिकेच्या स्वतःच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात नव्वदीच्या दशकानंतर लोकांचं व्हिटॅमिन डी घटलं असं दिसत होतं आणि नंतर कळलं की त्यातला मोठा भाग टेस्टची किट मधे बदलली त्यामुळे होता, लोकांमुळे नाही. मग नोव्हेंबर २०१०मध्ये तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने एनआयएसटी, सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) आणि बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाला बरोबर घेऊन व्हिटॅमिन डी स्टँडर्डायझेशन प्रोग्रॅम सुरू केला. सीडीसी आज ज्या पद्धतीला प्रमाणपत्र देते तिच्यासाठी अट अशी की सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत हवी आणि परत परत मोजल्यावर होणारा विखुरलेपणा १० टक्क्यांच्या आत.

आता हाच हिशोब तुमच्या आकड्यांना लावा. समजा सासूबाईंचं खरं मूल्य २१ आहे. दहा टक्के विखुरलेपणा असलेली पद्धत, जी पास झालेली पद्धत आहे बरं का, ती शंभरातून पंच्याण्णव वेळा १७ ते २५च्या मधे कुठेही आकडा देऊ शकते. म्हणजे एकीकडे १८ आणि दुसरीकडे २३ आलं असतं तर मी म्हटलं असतं काही झालेलं नाही, शांत रहा. १७.४ आणि २६.१ मात्र जरा जास्तच ताणलंय, बारा दिवसांत सॅशेशिवाय एवढं वाढत नाही कारण हे रक्तातून निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, इतकी संथ चाल आहे त्याची. म्हणजे फरक शरीरातला नाही, मोजण्यातला आहे.

करायचं काय? दोन्ही लॅबना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. पद्धत कोणती आहे, बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत, ज्याला ईक्यूएएस म्हणतात, व्हिटॅमिन डीसाठी भाग घेता का, आणि एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, स्कोपमध्ये, म्हणजे मान्य केलेल्या टेस्टच्या यादीत, ही टेस्ट आहे का. हे तिसरं महत्त्वाचं, कारण लॅबला एनएबीएल आहे याचा अर्थ तिथली प्रत्येक टेस्ट त्यात आहे असं नसतं, स्कोप एनएबीएलच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतो. जी लॅब न चिडता नीट उत्तर देईल ती धरा आणि यापुढे त्याच लॅबमध्ये त्याच पद्धतीने करा. दर वेळी लॅब बदलली तर वाढलं की घटलं हे देवालाही सांगता येणार नाही. आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, एक लपवून नका ठेवू, ते पाय दुखणं, वय, बाकीचं कॅल्शियम-फॉस्फरस सगळं बघून ठरवतील.

विजय नगरच्या लॅबमधला एक टेक्निशियन, डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) झालेला, लिहितो : आमच्या किटच्या कागदावर लिहिलंय की कॅलिब्रेटर एनआयएसटी एसआरएम २९७२शी ट्रेसेबल आहे (म्हणजे त्याची शिडी एनआयएसटीच्या त्या प्रमाणित स्टँडर्डपर्यंत पोचते). सरांना विचारलं तर म्हणाले ते कंपनीचं काम, आपण कंट्रोल लावायचा. मला नीट समजून घ्यायचंय, हे सर्टिफाइड स्टँडर्ड नक्की काय असतं?

बाळा, तू विचारलंस याचाच मला फार आनंद झाला. तो कागद कचऱ्यात न टाकता वाचणारी माणसं लॅबला हवीत.

तीन गोष्टींची गल्लत होते. कॅलिब्रेटर मशीनला शिकवतो. कंट्रोल मशीन शिकलेलं विसरलं नाही ना ते बघतो. आणि सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल म्हणजे ज्याच्यावरून कॅलिब्रेटरचा आकडा ठरतो ते. त्याच्याबरोबर सर्टिफिकेट येतं आणि त्यावर नुसता आकडा नसतो, त्या आकड्याची अनिश्चितता लिहिलेली असते, म्हणजे अधिक-उणे किती, तो आकडा कोणत्या पद्धतीने काढला, कशाशी ट्रेसेबल आहे, कोणत्या तापमानात किती दिवस टिकेल आणि कोणत्या कामासाठी वापरायचं तेही. बनवणारा आयएसओ १७०३४ प्रमाणे मान्यता घेतलेला असावा लागतो. अनिश्चितता लिहिलेली नसेल तर तो कागद सर्टिफिकेट म्हणून मी तरी धरत नाही, डबीवर कितीही सोनेरी अक्षरात स्टँडर्ड लिहिलेलं असो.

आता एसआरएम २९७२ म्हणजे काय, तर शुद्ध २५-हायड्रॉक्सी डी-२ आणि डी-३ची इथेनॉलमधली द्रावणं. त्यात रक्त नाही. आणि एसआरएम ९७२ हे माणसाच्या सीरमवर आधारलेलं, चार पातळ्यांचं, २००९मध्ये आलं आणि २०१३मध्ये त्याच्या जागी ९७२ए आलं. दोन्ही का लागतात हे समजलं की अर्धा विषय संपला. इथेनॉलमधलं द्रावण सांगतं की एक नॅनोग्रॅम म्हणजे किती. पण तुझ्या पेशंटच्या सॅम्पलमध्ये प्रोटीन आहे, चरबी आहे, मीठ आहे, त्यातून २५-हायड्रॉक्सी नीट बाहेर काढता आलं की नाही हे द्रावण सांगू शकत नाही, ते सीरमच सांगतं.

याला जोडून एक शब्द लक्षात ठेव, कम्युटेबिलिटी. स्टँडर्डचं सीरम मशीनमध्ये अगदी पेशंटच्या सीरमसारखंच वागलं पाहिजे. पहिल्या ९७२मधली एक पातळी घोड्याच्या सीरमने पातळ केलेली होती आणि दुसऱ्या काहींमध्ये बाहेरून डी-२ वगैरे घातलेलं होतं. मास स्पेकला, म्हणजे वर सांगितलेल्या एलसी-एमएस-एमएसला, याने फारसं बिघडत नाही कारण तो आधी सगळं वेगळं करून घेतो, पण अँटिबॉडीच्या किटमध्ये घोड्याचं प्रोटीन आणि वरून ओतलेलं डी माणसाच्या रक्तातल्यासारखं वागेलच याची खात्री नाही. म्हणून तुझ्या सीएलआयए मशीनवर असं काही आणून लावलंस आणि आकडा चुकला तर लगेच किट वाईट असं म्हणता येत नाही. अँटिबॉडी किटसाठी एका-एका माणसाचं न मिसळलेलं सीरम, रेफरन्स पद्धतीने मोजलेलं, हेच जास्त उपयोगी.

सर म्हणाले ते अर्धं बरोबर आहे. किटचा कॅलिब्रेटर तू बदलायचा नसतो, त्याची जबाबदारी कंपनीचीच, शिडी कशी बांधायची याचा आयएसओ १७५११ हा नियम त्यांच्यासाठीच आहे. पण कंट्रोल त्याच कंपनीचा, त्याच किटबरोबर आलेला वापरलास तर कॅलिब्रेटर एकीकडे सरकला की बरेचदा कंट्रोलही त्याच्याबरोबर सरकतो आणि तुझा चार्ट छान सरळ दिसत राहतो. दुसऱ्या बनावटीचा, स्वतंत्र कंट्रोल ठेव. किटचा लॉट, म्हणजे बॅच, बदलला की जुन्या लॉटवर मोजलेली पाच-दहा पेशंटची सॅम्पल नव्यावर परत चालव, कमी, मध्यम, जास्त अशी तिन्ही घे. आणि बाहेरच्या ईक्यूएएसचा निकाल आला की फक्त पास-नापास बघून फाइल करू नकोस, टार्गेट कोणी ठरवलंय ते बघ. लंडनहून चालणारी डेक्वास ही व्हिटॅमिन डीची जुनी योजना आहे, १९८९पासूनची. तिथे आधी सगळ्या लॅबच्या आकड्यांची सरासरीच टार्गेट असायची, म्हणजे सगळे मिळून चुकले तर चूकच बरोबर ठरणार, आणि २०१३पासून एनआयएसटीने रेफरन्स पद्धतीने मोजलेली मूल्यं टार्गेट झाली. केवढा मोठा फरक आहे विचार कर. सरांना हे दाखव, पण एकांतात दाखव.

पलासियाच्या एका लॅबचे मालक : आम्ही एलसी-एमएस-एमएस घेतोय. २५-हायड्रॉक्सी डी-३ची पावडर स्वस्त पडते, सर्टिफाइड अँप्यूल (काचेची बंद कुपी) महाग आहे. पावडर वजन करून घरीच स्टॉक (कॅलिब्रेटरसाठीचं मूळ घट्ट द्रावण) बनवला तर काय बिघडतं?

साहेब, पैशाचा प्रश्न खरा आहे, मी तो हलका घेत नाही. पण पावडरमध्ये काय-काय होतं ते ऐका आणि मग ठरवा.

२५-हायड्रॉक्सी डी-३ बरेचदा मोनोहायड्रेट म्हणून मिळतं, म्हणजे प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू. वजनात ते पाणी ४.३ टक्के. तुम्ही १०० तोललं तर त्यात औषध ९५.७च. हे विसरलात तर एकट्या या गोष्टीने तुमचे सगळे पेशंट साडेचार टक्के जास्त दिसणार आणि सीडीसीची ५ टक्क्यांची मर्यादा इथेच संपत आली. वर उरलेलं सॉल्व्हंट, राख, इतर अशुद्धी. डबीवरची ९८ टक्के शुद्धता बहुतेक वेळा एचपीएलसीच्या, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या मशीनच्या, आलेखावरून काढलेली असते आणि त्या आलेखात पाणी दिसत नाही, मीठ दिसत नाही. सर्टिफाइड स्टँडर्ड बनवणारा हे सगळं वेगळं मोजतो, पाणी कार्ल फिशर नावाच्या पाणी मोजायच्या पद्धतीने, सॉल्व्हंट गॅस क्रोमॅटोग्राफीने, राख जाळून, आणि सगळं वजा करून खरा आकडा देतो, वर द्रावण व्हॉल्युमने न बनवता वजनाने बनवतो. तुम्ही त्या महाग अँप्यूलमध्ये याचे पैसे देता. शिवाय एक-दोन मिलिग्रॅम नीट तोलायला जो काटा आणि जी खोली लागते ती नव्या लॅबमध्ये कुठून येणार?

पावडरच वापरायची असेल तर निदान स्टॉकची तीव्रता २६५ नॅनोमीटरच्या आसपास यूव्हीवर तपासा, व्हिटॅमिन डीचं शोषण तिथे जोरदार असतं आणि वजनाची मोठी चूक लगेच पकडली जाते. तरी माझा सल्ला हाच, मुख्य स्टॉक सर्टिफाइड घ्या आणि दुसरा, वेगळ्या लॉटचा, त्याला पडताळायला ठेवा.

आणि अँप्यूल आणली म्हणजे झालं असं नाही, खरं नुकसान तर आपल्या हातात आल्यावर होतं. ती काळपट काचेत, वर आर्गॉन भरून येते कारण उजेड आणि हवा दोन्ही या रेणूला सोसत नाहीत. उणे २०च्या फ्रीजरमधून काढून थंडच पिपेट केली तर चूक तिथेच झाली, इथेनॉल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.१ टक्का पसरतं, म्हणजे खोली २५ अंश धरली तर ४५ अंशांच्या फरकाने जवळजवळ ५ टक्के जास्त माल पिपेटमध्ये येतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अंधारात. आणि खोली म्हणजे एसी असलेली खोली, मे महिन्यातल्या इंदूरची नाही. उघडली की त्याच दिवशी पुढची द्रावणं बनवून टाका, उरलेलं टोपी लावून पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका. इथेनॉल उडतं, डी मागे राहतं, द्रावण घट्ट होतं. ५ टक्के उडालं तर स्टँडर्ड लेबलपेक्षा ५ टक्के घट्ट आणि पेशंट त्याच प्रमाणात कमी दिसणार, ज्याचं खरं २०.५ आहे त्याला तुम्ही १९.५ लिहून देणार आणि त्याच्या रिपोर्टवर लाल अक्षरात कमतरता छापून येईल. सगळ्या शहरातून तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या सॅम्पलना हे होईल आणि तुमचा कोणताही घरगुती कंट्रोल ते पकडणार नाही, कारण तोही त्याच स्टॉकचा.

कॅलिब्रेटर नुसत्या मिथेनॉलमध्ये नको, डी काढून टाकलेल्या सीरममध्ये किंवा अल्ब्युमिनच्या द्रावणात बनवा. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे हिशोबासाठी मोजून मिसळायचा तोच रेणू, सॅम्पलमध्ये अगदी सुरुवातीला घाला आणि त्याला प्रोटीनबरोबर थोडा वेळ राहू द्या, मग एक्स्ट्रॅक्शन करा, उशिरा घातलं तर सुरुवातीला जे वाया गेलं त्याचा हिशोब ते देऊ शकत नाही. त्या इंटर्नल स्टँडर्डमध्ये ड्युटेरियम नसलेलं साधं डी किती मिसळलेलं आहे तेही कागदावर बघा, नाही तर कोऱ्या सॅम्पलमध्येही आकडा येत राहील. आणि ९७२एसारखं सीरम रोज कॅलिब्रेटर म्हणून संपवू नका, पद्धत बसवताना आणि नंतर ठराविक काळाने अनोळखी सॅम्पलसारखं लावा, आकडा सर्टिफिकेटच्या मर्यादेत येतो का बघा.

महाग मशीन घेतलं की आकडा आपोआप बरोबर येतो हा समज फार खोल बसलाय. २००९च्या सुमारास अमेरिकेतल्या एका मोठ्या लॅब-साखळीला मास स्पेकवर केलेले व्हिटॅमिन डीचे बरेच रिपोर्ट शंकास्पद ठरल्यामुळे डॉक्टरांना कळवून टेस्ट परत करून द्याव्या लागल्या होत्या. मशीन तिथे उत्तमच होतं.

पीथमपूरला फार्मा कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) असणारे एक वाचक : आमच्याकडे कोलेकॅल्सिफेरॉलचं (म्हणजे व्हिटॅमिन डी-३चं) इंडियन फार्माकोपियाचं रेफरन्स स्टँडर्ड असतं. मेहुण्याची पॅथॉलॉजी लॅब आहे, त्याला थोडं दिलं तर त्याचं काम होईल का?

नाही होणार. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचं ते स्टँडर्ड गोळी-सॅशेमध्ये औषध किती आहे ते तपासायला बनवलेलं आहे. तुमच्या सॅशेत कोलेकॅल्सिफेरॉल असतं, ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. मेहुण्याला मोजायचंय ते २५-हायड्रॉक्सी, लिव्हरने एक हायड्रॉक्सिल जोडलेलं, ज्याचा शोध १९६८मध्ये विस्कॉन्सिनला डेलुका यांच्या लॅबमध्ये लागला. तो वेगळा रेणू आहे. आणि दीड मिलिग्रॅममध्ये पंधरा लाख नॅनोग्रॅम असतात, ज्या लॅबमध्ये वीस-तीस नॅनोग्रॅमसाठी धडपड चाललीय तिथे असली पावडर उघडणं हेच मुळात नको. कंपनीचं स्टँडर्ड असं बाहेर देणं नियमात बसत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

राजेंद्र नगरच्या आजी विचारतात : नातू चार महिन्यांचा. एका मोठ्या लॅबमध्ये व्हिटॅमिन डी ७८ आलं, आधी दुसरीकडे ४६ होतं. ड्रॉप्स चालू आहेत. जास्त झालं का?

आजी, तान्ह्या बाळांच्या रक्तात एक खास गोष्ट असते आणि ती पुष्कळ ठिकाणी लक्षात घेतली जात नाही. २५-हायड्रॉक्सी डी-३चा एक जुळा भाऊ असतो, ३-एपी म्हणतात, सगळं तेच, वजन तेच, फक्त एका जागचा हायड्रॉक्सिल उलट्या दिशेला वळलेला. मोठ्या माणसात तो थोडासाच असतो पण वर्षाच्या आतल्या बाळांत बराच असू शकतो. अँटिबॉडीच्या बऱ्याच किटना तो दिसतच नाही. मास स्पेकला वजन सारखं असल्यामुळे दोघं एकच वाटतात, आणि लॅबने कॉलममध्ये, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीत, दोघांना वेगळं केलं नसेल तर दोघांची बेरीज रिपोर्टवर येते. म्हणजे ४६ आणि ७८मधला फरक यामुळेही असू शकतो. ९७२एच्या चौथ्या पातळीत हा एपी मुद्दाम घातलेला आहे, लॅबला स्वतःची पद्धत तपासून बघता यावी म्हणूनच.

त्या लॅबला एवढंच विचारा की बाळाच्या सॅम्पलमध्ये ३-एपी वेगळा करता का. ड्रॉप्सची बाटली, किती थेंब देता ते आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन बाळाच्या डॉक्टरांकडे जा, ते हवं तर कॅल्शियम बघतील. थेंब मोजायचा ड्रॉपर त्याच बाटलीचा आहे ना ते मात्र आजच बघा. स्वतःच्या मनाने ड्रॉप्स बंद करू नका.

स्नेहलतागंजची एक कॉलेजमधली मुलगी : टेस्टला उपाशी जावं लागतं का? आणि केसांसाठी बायोटिन घेते, चालतं का?

उपाशी जायची गरज नाही, बरोबर शुगर किंवा लिपिड असेल तर त्यासाठी जावं लागतं. पोहे खाऊन गेलीस तरी व्हिटॅमिन डी तेच येईल. बायोटिनचं मात्र विचारलंस ते फार चांगलं केलंस. काही मशीनमध्ये अँटिबॉडी पकडून ठेवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅविडिनची जोडी वापरतात, तुझ्या रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असेल तर ते मधे येऊन बसतं आणि व्हिटॅमिन डीच्या टेस्टमध्ये आकडा खोटा जास्त येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७मध्ये यावर इशारा दिला होता. केसांच्या गोळ्यांत बरेचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, ते यासाठी पुरेसं आहे. लॅबमध्ये सांग, डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबव. थायरॉइडच्या टेस्टमध्येही बायोटिनमुळे आकडा चुकू शकतो.

लोकमान्य नगरच्या काकांचा प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे ३०च्या खाली आहेत. शेजाऱ्यांनी तर सॅशे रोज एक असं महिनाभर घेतलं. सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी टेस्ट करावी का?

काका, शेवटच्या गोष्टीपासून सुरू करते कारण ती तातडीची आहे. ६०,०००चं सॅशे साधारण आठवड्याला एक असं देतात, तेही ठराविक आठवडेच. रोज एक महिनाभर म्हणजे अठरा लाख युनिट. त्यांना आजच डॉक्टरांकडे पाठवा, रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघायला हवं. तहान फार लागणं, बद्धकोष्ठता, उलटीची भावना, गोंधळल्यासारखं होणं यातलं काही असेल तर उद्यावर ढकलू नका. आणि त्यांचं व्हिटॅमिन डी खूप जास्त आलं तर लॅबला पातळ करून परत मोजायला सांगा, मशीनचं मोजमाप एका मर्यादेपर्यंतच खरं असतं, त्याच्या पुढे ते नुसतं अमुकपेक्षा जास्त असं लिहून मोकळं होतं.

३०चं म्हणाल तर हा आकडा मुख्यतः एंडोक्राइन सोसायटीच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या) २०११च्या मार्गदर्शनातून आला. त्याच्या थोडं आधी, २०१०च्या शेवटी, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेक लोकांना २० पुरे असं म्हटलं होतं. आणि २०२४मध्ये एंडोक्राइन सोसायटीने स्वतःच ती ३०ची रेघ मागे घेतली, ठणठणीत माणसांनी नेहमीची म्हणून ही टेस्ट करू नये असं सुचवलं. लॅबच्या रिपोर्टवर मात्र जुनीच रेघ छापून येते आणि २८ आलं की माणूस घाबरतो. त्यात मी वर सांगितलेलं मोजमापाचं अधिक-उणे मिळवा. २८ आणि ३१ या दोन आकड्यांत एका टेस्टवरून फरक करता येत नाही, कोणत्याही लॅबला नाही.

ज्यांची हाडं ठिसूळ झालीयत, किडनी-लिव्हरचा त्रास आहे, फिट्सची औषधं चालू आहेत, पोटाचं ऑपरेशन होऊन अन्न नीट शोषलं जात नाही, त्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा नक्की करावी. उपचार सुरू केल्यावर परत करायची ती साधारण तीन महिन्यांनी, त्याच्या आधी आकडा स्थिर झालेला नसतो. बाकीच्यांनी ग्रुपने मिळून पॅकेज घ्यायचं काही कारण नाही, ते पैसे ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्या एका नीट टेस्टवर, नीट लॅबमध्ये खर्च झालेले बरे.